कॅम्प तीन ते बारवी: किराण्याच्या वाटेने

उल्हासनगरला फिरायला म्हणून कोणी येत नाही. येतात ती गिऱ्हाइके. लग्नाच्या कपड्यांसाठी गजानन मार्केट, जीन्ससाठी कॅम्प नंबर पाच, कपाट-पलंगासाठी फर्निचर बाजार, असे प्रत्येकाचे ठरलेले असते. मला कॅम्प नंबर तीनमधून किराणा निघतो तो कुठवर जातो, हे बघायचे होते. बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यावर एक रुपयाची शॅम्पूची पुडी आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा कोणाच्या हातून पोचतो, आणि त्याच पाड्यावरचा भात खाली उतरतो तो कोणाच्या हातात पडतो, एवढाच प्रश्न होता. त्यासाठी लोकलचे तिकीट, शेअर रिक्षा आणि थोडी चिकाटी पुरते.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपले, बरॅकी रिकाम्या झाल्या आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेली लाखभर माणसे त्यांत येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी इथे कोनशिला बसवली आणि शेजारच्या उल्हास नदीवरून वस्तीला नाव मिळाले. कॅम्प हा शब्द मात्र कोणी सोडला नाही. आजही पत्ता विचारला की आधी 'कितवा नंबर?' असा प्रश्न येतो. जेमतेम तेरा चौरस किलोमीटरच्या या शहरात २०११ च्या जनगणनेत पाच लाखांहून जास्त लोक मोजले गेले. शेतीला जागा नव्हतीच, जमीनजुमला सगळा मागे राहिलेला. मग घरात पापड लाटायचे, गोळ्या-बिस्किटे बनवायची, टोपलीत घालून गाडीत विकायची, असे करत करत बरॅकीच्या पडवीत दुकान उभे राहिले. जुने लोक एक गोष्ट हमखास सांगतात: साखर खरेदीच्या भावानेच विकायची, नफा फक्त रिकाम्या पोत्याचा. खरे-खोटे देव जाणे, पण कमी नफा आणि भरपूर उलाढाल ही इथल्या घाऊक व्यापाराची रीत अजून तशीच आहे.

उल्हासनगर स्टेशनवर उतरलो की चांदीबाई कॉलेज जवळच. मुलांच्या गर्दीतून वाट काढून, वालधुनी नदीचा वास सोसून आत शिरलो की रस्ता अरुंद होत जातो. नदीला वास का येतो हे इथे कोणी विचारत नाही, विचारणारा बाहेरचा समजला जातो. सकाळी होलसेलच्या गल्लीत छोटे हत्ती आणि तीनचाकी टेम्पो एकमेकांना खेटून उभे असतात. हमाल पाठीवर कट्टा घेऊन जिना चढतो, वरच्या माळ्यावरून पेट्या खाली सरकतात, आणि गल्ल्यावरचा माणूस एका कानाला मोबाइल लावून दुसऱ्या हाताने बिल फाडतो. दुकानाबाहेर उघड्या तोंडाची डाळींची पोती दिसतील अशी अपेक्षा असेल तर ती सोडा. सुटा माल मागे गेला, पुढे सगळे सीलबंद.

तांदळाच्या कट्ट्यांकडे नीट पाहावे. पूर्वी २५ किलोचा कट्टा ठरलेला होता. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील, बंद पाकिटातल्या धान्यावर पाच टक्के जीएसटी लागू झाला आणि बघता बघता बाजारात २६ आणि ३० किलोचे कट्टे आले. कायद्याने एक रेघ मारली, कट्टा तिच्या पलीकडे जाऊन बसला. मोठे घर असेल त्याला फरक पडत नाही. दोन माणसांचे घर, हातावरचे पोट, त्यांनी पाच किलोची पिशवी घेतली की कर त्यांनाच.

एका पेढीवर बसायला स्टूल मिळाले. सेठ साठीचे, जन्म कॅम्पातला, मराठी सफाईदार. मी विचारले, "गावाकडे माल कोण नेतो?"

"भाऊ, गाववाला येतच नाही आता. आमचा पोरगा जातो. सोमवारी एक लाइन, मंगळवारी दुसरी. आज ऑर्डर, उद्या टेम्पो."

"आणि पैसे?"

"पैसे पुढच्या फेरीला. पावसात पुढच्याच्या पुढच्या फेरीला." मग उधारीच्या वहीवर हात ठेवून म्हणाले, "ही बंद केली तर दुकान बंद. त्याचं पण, माझं पण."

त्या गल्लीत उभे राहून मालाचे मूळ शोधले तर निम्मा भारत सापडतो. साखर कोल्हापूर-सोलापूर-नगरकडची, तूरडाळ लातूर-अकोल्याची, गहू मध्य प्रदेशचा, मिरची गुंटूर आणि ब्याडगीची, तांदूळ विदर्भातून आणि छत्तीसगड-आंध्रातून. पापड तेवढे इथलेच. अंबरनाथ तालुक्यात पिकलेला एकही दाणा मला त्या दुकानांत दिसला नाही, आणि शेते तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर आहेत.

अंबरनाथला पुढची गाडी येईपर्यंत थांबलो, तेवढ्यात शिवमंदिर झाले. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला शिलालेख तिथे आहे. कॅम्पात नाक दाबून ओलांडलेली वालधुनी याच मंदिराच्या पायथ्याशी वाहते. आयुध कारखाना आणि एकेकाळची विमकोची काडेपेटी ही अंबरनाथची आधुनिक ओळख. किराण्यापुरते बघायचे तर अंबरनाथ हे कॅम्पाचेच लांबलेले अंगण आहे.

बदलापूर वेगळे. मुंबईपासून रेल्वेने ६८ किलोमीटर, आणि गेल्या काही वर्षांत इतके फुगलेले की स्टेशनाबाहेर पडल्यावर आधी इमारतींच्या जाहिराती दिसतात. या नव्या वस्तीत साखळी दुकानांचे फलक आले. एका नव्या रस्त्यावर, तळमजल्याच्या गाळ्यात, फ्रँचायझीचे किराणा दुकान चालवणारा एक तरुण भेटला. कंपनीचे नाव लिहीत नाही, त्यालाही लिहायला नको होते. हिशेब मात्र त्याने मोकळेपणाने मांडला. अनामत त्याची, फर्निचर त्याचे, भाडे, वीज आणि दोन पोरांचे पगार त्याचे. कंपनी माल पाठवते, कॉम्प्युटरवर भाव ठरवते, फळीवर कोणता डबा कुठे ठेवायचा हेही ठरवते. त्याला मिळतो विक्रीवर ठरलेला टक्का. फलक बघून गिऱ्हाईक आत येते, हे त्याने मान्य केले. पण समोरच्या चाळीतली बाई महिन्याच्या वीस तारखेनंतर त्याच्याकडे येत नाही.

"का?"

"उधारीचं बटणच नाही ना मशीनमध्ये."

इथे थोडा मागचा इतिहास सांगायला हवा, कारण ही दुकानदारी आपल्याकडे आज आलेली नाही. मुंबईत नायगावच्या कामगारांनी १९४८ मध्ये ग्राहक सहकारी संस्था काढली, ती पुढे अपना बाजार झाली. या अपना बाजारची नेरूळची फ्रँचायझी १९९९ मध्ये राधाकिशन दमाणी यांनी चालवून पाहिली. ती पद्धत त्यांना पटली नाही. २००२ मध्ये पवईला त्यांनी डी-मार्ट उघडले, ते स्वतःचे. देशातल्या सर्वांत यशस्वी किराणा साखळीचा मालक फ्रँचायझी करून बघतो आणि ती सोडून देतो, ही गोष्ट अनामत भरायला निघालेल्या प्रत्येक तरुणाने एकदा ऐकावी.

खेड्यातला मोठा प्रयोगही महाराष्ट्रातच झाला. गोदरेज अ‍ॅग्रोव्हेटने २००३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या मंचरला 'आधार' नावाचे दुकान उघडले. एका छपराखाली बी-बियाणे, खत, पिकाचा सल्ला आणि घरचा किराणा. कल्पना चांगली होती: शेतकरी खतासाठी येईल आणि जाताना तेल-साबण नेईल. २००८ मध्ये त्यातला मोठा हिस्सा फ्यूचर ग्रुपकडे गेला. पुढे याच समूहाची फ्यूचर रिटेल ही कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मंचरची मूळ कल्पना मला आजही बरोबर वाटते. फक्त एक दार तिथे अर्धवटच उघडले होते. शेतकऱ्याला विकायचा माल भरपूर, त्याच्याकडून रोजच्या रोज घ्यायची सोय तोकडी. हे दार बदलापूरच्या पुढे गेल्यावर जास्त स्पष्ट दिसले.

बदलापूर स्टेशनवरून बारवीकडे शेअर रिक्षा मिळते. मुळगाव गेले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरे लागतात, मधे मधे फार्महाऊसच्या भिंती. बारवी धरण एमआयडीसीने सत्तरच्या दशकात बांधले. उल्हासनगरच्या नळाला येणारे पाणी एमआयडीसीचे, म्हणजे शेवटी या धरणावर अवलंबून. पाणी खाली जाते, किराणा वर येतो.

पाड्यावरचे दुकान म्हणजे घराची पुढची खोली. पत्र्याचे छप्पर, लाकडी फळ्या, दारावर पुड्यांच्या माळा. दुकान ताई चालवतात, त्यांचा नवरा एमआयडीसीत कामाला. फळीवर काय होते ते सांगतो: तेलाच्या पिशव्या, साखर, चहा, हळद-तिखट, मीठ, साबण, बिस्किटे, वेफर्स, आणि खाली सुकी मासळी. तांदूळ नव्हता.

"ताई, तांदूळ ठेवत नाही?"

"कोण घेणार दादा? घरचा भात आहे, आणि रेशनचा फुकट येतो."

अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून त्याचे पैसे लागत नाहीत. खरे पाहता खेड्यातली सर्वांत जुनी फ्रँचायझी रेशन दुकानच आहे. परवाना सरकारचा, माल सरकारचा, भाव सरकारचा, दुकानदाराला ठरलेले कमिशन. तिने पाड्यावरच्या किराण्याचे स्वरूपच बदलून टाकले. धान्य गेले आणि पुड्या राहिल्या.

ताईंच्या मोबाइलवर कंपन्यांची घाऊक खरेदीची दोन-दोन अ‍ॅप आहेत. त्यांवर त्या भाव बघतात आणि तो भाव कॅम्पातून आलेल्या सेल्समनला दाखवून घासाघीस करतात. माल मात्र त्याच्याकडूनच घेतात. कारण विचारले तेव्हा त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर दाखवले. त्यावर पेनाने केलेल्या खुणा होत्या: कोणाकडे किती, कधीपासून. पाड्यावरच्या माणसांची उधारी ताईंकडे, ताईंची उधारी कॅम्प तीनमधल्या वहीत. भात झोडून झाला, किंवा वीटभट्टीची उचल हाती आली, की खालपासून वरपर्यंत सगळे एकदम फिटते. करारनामा नाही, फलक नाही, अनामत नाही, तरी ही साखळी वर्षानुवर्षे टिकून आहे. तिची दुसरी बाजूही आहे. उधारीवर घेणारा भाव विचारत नाही. छापील किंमत हीच त्याची किंमत, आणि त्या किमतीत सेठचे थांबणे, ताईंचे थांबणे, सगळ्याचे व्याज न बोलता मिसळलेले असते.

आता उलट्या दिशेचा माल. इथले मुख्य पीक भात. पाऊस सरल्यावर ज्याला ओल किंवा नदीचे पाणी मिळते तो वाल, हरभरा, भेंडी, काकडी, दुधी करतो. भात विकायला दोन वाटा. ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ हमीभावाने खरेदी करते. २०२५-२६ साठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. दुसरी वाट दारात येणाऱ्या व्यापाऱ्याची. तो कमी देतो, पण आज देतो, आणि पोती स्वतः उचलून नेतो. एक क्विंटल भातातून गिरणीत साधारण ६७ किलो तांदूळ निघतो असा सरकारी हिशेब आहे. म्हणजे हमीभावाने विकलेल्या भाताचा तांदूळ शेतकऱ्याला किलोमागे पस्तीस रुपयांच्या आसपास पडतो. बदलापूरच्या त्या फ्रँचायझी दुकानात साध्या कोलमच्या पाकिटावर याच्या दुपटीच्या जवळचा आकडा होता. मधल्या पैशांत गिरणी, वाहतूक, पाकीट, कर, भाडे, पगार हे सगळे आले, हे मला कळते. पण त्या दुकानापासून ही खाचरे अर्ध्या तासावर आहेत, आणि पाकिटातला तांदूळ हजार किलोमीटर प्रवास करून आलेला.

भाजीची कथा आणखी घाईची. ती टेम्पोने रात्रीच कल्याणच्या बाजार समितीत जाते. भाव वाशीच्या बाजाराकडे बघून ठरतो. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले, आणि त्याच वर्षी संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजार सुरू झाले. कागदावर वाट मोकळी झाली. पण दहा किलो भेंडी घेऊन स्वतः शहरात बसायचे तर दिवस जातो, आणि बसायला जागा देणार कोण? रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे ग्राहकाच्या रुपयातले टोमॅटोमागे ३३ पैसे, कांद्यामागे ३६ आणि बटाट्यामागे ३७ पैसे शेतकऱ्याला मिळतात. भेंडीचा आकडा त्यात नाही. पाड्यावरचा शेतकरी तो न विचारताच सांगतो, पण तो छापण्यासारखा नसतो.

माल घेऊन वर आलेला टेम्पो खाली जाताना रिकामा जातो. हे मी डोळ्यांनी पाहिले आणि मला सर्वांत जास्त तेच खटकले. त्याच्यामागून तासाभराने दुसरा टेम्पो भाजी न्यायला येतो, तो वर येताना रिकामा. दोघांचे डिझेल शेवटी पाड्यावरच्याच माणसाच्या खिशातून जाते.

हे जुळवता येते का? जगात जुळवलेले आहे. नेदरलँड्समध्ये १९३२ साली आद्रियान व्हॅन वेल या घाऊक व्यापाऱ्याने छोट्या किराणा दुकानदारांना एकत्र आणून स्पार सुरू केले. दुकाने दुकानदारांचीच राहिली, फक्त खरेदी आणि नाव एक झाले. साखळी दुकानांना तोंड द्यायला घाऊक व्यापारी आणि किरकोळ दुकानदार एका बाजूला उभे राहिले. आज स्पार कित्येक देशांत आहे. आणि इतक्या लांब कशाला जायचे, कोल्हापूर जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे यांच्या वारणानगरात साखर कारखाना आणि दूध संघ यांच्या जोडीला सत्तरच्या दशकात वारणा बाजार उभा राहिला, आसपासच्या गावांत त्याच्या शाखा गेल्या. तिथल्या माणसाचा ऊस आणि दूध सहकारात जाते, पैसे तिथून येतात आणि खर्चही सभासद म्हणून आपल्याच दुकानात होतो. घेणारा आणि देणारा एकाच संस्थेच्या वहीत असतो.

बारवीच्या रस्त्यावर ऊस नाही, कारखाना नाही, तात्यासाहेब कोरे तर नाहीतच. पण कॅम्प तीनची वही आहे, तिच्यात प्रत्येक पाड्यावरच्या दुकानाची पत लिहिलेली आहे, आणि टेम्पोही आहे. माझे मत विचाराल तर या भागात नवा फलक लावायला येणाऱ्या कंपनीपेक्षा हा घाऊक व्यापारी आणि गावातली एखादी शेतकरी उत्पादक कंपनी किंवा बचत गट एकत्र आले तर जास्त काम होईल. भाताची स्थानिक गिरणीत भरडाई, पाच किलोची पिशवी, आणि तीच पिशवी बदलापूर-अंबरनाथच्या दुकानांत. यात फार मोठे भांडवल लागत नाही, विश्वास लागतो. सेठना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आम्ही विकायला शिकलो, घ्यायला नाही." त्यांचे म्हणणे प्रामाणिक होते.

सगळेच अंधारात आहे असेही नाही. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. शहर वाढताना जांभळाची झाडे तुटली, राहिली त्यांना आता नाव तरी मिळाले. जूनच्या सुरुवातीला पाड्यांवरच्या बाया पानांच्या द्रोणांत जांभळे घेऊन स्टेशनाबाहेर बसतात. पावसात त्याच जागी शेवळे, टाकळा, कुरडू या रानभाज्या येतात. या मालाला ना बाजार समिती ना दलाल, झाडावरून किंवा रानातून तो थेट गिऱ्हाइकाच्या पिशवीत जातो. या बायांना बसायला पालिकेने छपराखाली हक्काची जागा दिली तरी पुष्कळ झाले.

पावसाळ्यात बारवीकडे किंवा कोंडेश्वरच्या धबधब्याला गाड्या भरून लोक जातात. पाणी, वेफर्स, बिस्किटे, सगळे शहरातून डिकीत घालून नेतात, आणि पाड्यावर फक्त रिकाम्या बाटल्या टाकून येतात. त्यांना एक विनंती आहे. हे सामान पाड्यावरच्या दुकानात त्याच छापील किमतीला मिळते, तिथेच घ्या. आणि दिवाळीनंतर गेलात तर घरचा नवा तांदूळ आहे का, एवढे विचारा. पाच-दहा किलो बहुतेक घरी निघतो, भाव दुकानापेक्षा कमी पडतो आणि शेतकऱ्याला हमीभावाहून बरा मिळतो. पिशवी मात्र आपली न्यावी.